जोरात ब्रेक दाबला की गाडीची मागची बाजू डावीकडे जाते. बायस व्हॉल्व्ह बसवू का?

सरळरेषा

नमस्कार मंडळी. गेले तीन ट्रॅक-दिवस एकच दुखणं पाठ सोडत नाहीये, म्हणून धागा काढतोय. जरा सविस्तर लिहितो, अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार?

गाडी जुनी सेदान, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. आतल्या सीटा, अस्तर सगळं उतरवून केज (सुरक्षेसाठी लोखंडी पाइपांचा सांगाडा) घातलाय. मी आत बसल्यावर वजन ११३० किलो, त्यातलं ४८ टक्के मागे. व्हीलबेस २.४५ मीटर. गाडी खाली आणली, स्प्रिंग कडक केल्या, सेमी-स्लिक (जवळजवळ गुळगुळीत, जास्त पकडीचे) टायर घातले. पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) आणि मोठ्या डिस्क. मागे मूळचेच एका पिस्टनचे सरकते कॅलिपर, पॅड मात्र रेसिंगचे. एबीएस (चाकं जाम होऊन घसरू न देणारी यंत्रणा) काढलंय, मूळचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कापणारा) तसाच आहे. मागे क्लचवालं एलएसडी (दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारं डिफरन्शिअल).

दुखणं असं. मोठ्या सरळ पट्ट्याच्या शेवटी १७० वरून ८० वर यायचं असतं. स्टिअरिंग सरळ, ब्रेक पूर्ण जोरात. पेडल घट्ट आहे, गाडी थांबतेही छान, पण मागची बाजू डावीकडे सरकते. मी स्टिअरिंग थोडं डावीकडे देऊन सावरतो. पहिल्या दोन लॅपमध्ये जवळजवळ काहीच नाही, तिसऱ्यापासून हमखास. आता त्या वळणाआधी पोटात गोळा येतो आणि मी पंधरा-वीस मीटर आधीच ब्रेक लावतो.

अलाइनमेंट दोनदा तपासून झालं. मागे एकूण २ मिमी टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत), दोन्हीकडे सारखं. ब्रेक ऑइल नवं घालून हवा काढली. ओळखीतले सगळे म्हणतात मागे ब्रेक जास्त लागतोय, हाताने फिरवायचा बायस व्हॉल्व्ह (पुढे-मागे ब्रेकचा वाटा बदलणारा) बसव. बसवू का?

तिसरा गिअर

बसवा. यात विचार करण्यासारखं काही नाही, आकडेच सांगतात.

ब्रेक लागला की वजन पुढे जातं. किती, तर गाडीचं वजन गुणिले ब्रेकचा जोर (जी मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. उंची ०.४८ मीटर धरू. रस्त्याच्या टायरवर ०.८५ जी मिळत असेल तर १८८ किलो पुढे जातात, मागे ३५४ उरतात, म्हणजे ३१ टक्के. सेमी-स्लिकवर १.१ जी मिळाले तर २४३ किलो पुढे, मागे जेमतेम २९९, म्हणजे २६ टक्के. मागच्या ब्रेकचा वाटा त्याच प्रमाणात उतरायला हवा. मूळचा व्हॉल्व्ह रस्त्याच्या टायरसाठी ठरवलेला आहे. त्यात तुम्ही मागे रेसिंग पॅड घातलेत, जे गरम झाल्यावरच नीट धरतात. तिसऱ्या लॅपपासून त्रास, यात नवल ते काय?

मूळचा व्हॉल्व्ह काढूनच नवा लावा. दोन एकामागे एक ठेवले तर नेमका कोण किती दाब कापतोय हे कळायला मार्ग राहत नाही. आणि तुमचे ब्रेक पुढे-मागे असे विभागलेत की तिरके, ते आधी पाहा. तिरके असतील तर मागच्या दोन चाकांच्या लाइन वेगळ्या असतात, तिथे एका व्हॉल्व्हने भागत नाही.

गुळगुळीत टायर

+१. टायरची हवा गरम असताना मोजता ना? मागे डाव्या-उजव्यात फरक?

सरळरेषा

हो, पिटमध्ये आल्या आल्या मोजतो. फरक अर्ध्या पीएसआयच्या आत. ब्रेक पुढे-मागे असे विभागलेले आहेत.

नटबोल्ट

तिसरा गिअर, तुमचा हिशोब बिनचूक आहे. तरी माझा व्हॉल्व्हला सध्या ठाम विरोध. माझं अर्धं आयुष्य गाड्यांच्या खाली गेलंय, म्हणून कळकळीने लिहितोय.

धागाकर्त्याने एक शब्द लिहिलाय आणि सगळे त्यावरून पुढे निघून गेले. तो शब्द म्हणजे "डावीकडे". बायस चुकला तर दोन्ही मागची चाकं लॉक व्हायच्या काठावर येतात. मग गाडी कधी डावीकडे जाईल, कधी उजवीकडे; रस्त्याचा उतार असेल तसं. दर खेपेला एकाच बाजूला जाते म्हणजे एका बाजूला काहीतरी बिघडलंय. व्हॉल्व्ह फिरवून मागचा दाब कमी केलात तर त्रास कमी होईलच, पण बिघाड आत तसाच राहील. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सरळरेषा, मला एवढंच सांगा, हे ब्रेकच्या नेमक्या कोणत्या क्षणी होतं? पेडल दाबल्या दाबल्या पहिल्या अर्ध्या सेकंदात, मधल्या स्थिर दाबात, गिअर खाली टाकताना, की पेडल सोडताना?

पेडल दाबल्या दाबल्या झालं आणि लगेच शमलं, तर मी शॉकअपकडे बघतो. मागच्या शॉकअपचं रिबाउंड (दबल्यावर परत लांबतानाचा अडसर) फार घट्ट असेल तर नाक खाली जाताना चाक पुरेसं खाली येत नाही, रस्त्यावरची पकड सुटते. मधल्या स्थिर दाबात झालं तर कॅलिपर, पॅड, बायस, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर). गिअर टाकताना झालं तर इंजिन ब्रेकिंग आणि एलएसडी. सोडताना झालं तर अडकलेला पिस्टन किंवा आतून सुजलेला होज. "काय होतं" हे सगळे सांगतात. निदान होतं ते "कधी होतं" यावरून.

सरळरेषा

नटबोल्ट काका, इतक्या बारकाईने मी पाहिलंच नव्हतं. व्हिडिओ सावकाश करून पाहिला. पेडल दाबल्यावर साधारण पाव सेकंदाने सुरू होतं, दाब आहे तोवर टिकतं, पेडल हलकं केलं की लगेच सरळ. गिअरबद्दल खात्री नाही, कारण मी त्याच वेळी खाली गिअर टाकत असतो.

मोजपट्टी

मग आधी गिअर बाजूला काढा. मोकळा, सरळ, आजूबाजूला भरपूर जागा असलेला पट्टा बघा. कमी वेगापासून सुरुवात करा आणि क्लच पूर्ण दाबून फक्त ब्रेकवर गाडी थांबवा. तरीही मागची बाजू गेली तर इंजिन आणि एलएसडी निर्दोष.

दुसरं काम, इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन चारही डिस्कचं तापमान. जोरात लॅप मारून सरळ पिटमध्ये यायचं, गार करणारा लॅप अजिबात नाही. उभं राहिल्यावर हँडब्रेक ओढू नका, चाकाला ओट लावा. चारही आकडे अर्ध्या मिनिटात, डिस्कच्या घासल्या जाणाऱ्या भागावर, दर वेळी त्याच क्रमाने. चमकत्या धातूवर हा थर्मामीटर खरं तापमान सांगत नाही, पण डाव्या-उजव्याची तुलना करायला पुरतो. आपल्याला तुलनाच हवी आहे.

लाल चकती

मोजपट्टीताईंना अनुमोदन. ब्रेक ऑइल कुठलं घातलंय? डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३०, ओलावा शोषल्यावर १५५ अंश. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. ट्रॅकवर ऑइल उकळलं की पेडल एकदम स्पंजासारखं होतं, खाली जातं. तुमचं पेडल घट्ट आहे म्हणता, म्हणजे हे कारण नाही. तरी वर्षानुवर्षं तेच ऑइल ठेवणाऱ्या वाचकांनी आकडे ध्यानात ठेवावेत.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. डिस्क वाकडी असली तर असं होऊ शकतं का? माझ्या गाडीत ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं.

नटबोल्ट

स्वागत! थरथरणं हा वेगळा आजार. ज्याला लोक वाकडी डिस्क म्हणतात ती बहुतेक वेळा वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या दोन शतांश भागाचा फरकसुद्धा पेडलमध्ये जाणवतो. नवी डिस्क लावण्याआधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने लख्ख करा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही डगमगत फिरते आणि काही दिवसांत तिचंही तेच होतं. डायल गेज लावून बघा, डगमग ०.०५ मिमीच्या आत असली तर उत्तम.

वाचनमात्र

धन्यवाद काका. हबकडे कुणी पाहिलंच नव्हतं, डिस्क मात्र दोनदा बदलून झाली.

सरळरेषा

दोन्ही कामं केली.

क्लच दाबूनही मागची बाजू जाते. तिसऱ्या-चौथ्या वेळी, सगळं गरम झाल्यावर.

तापमानं : पुढे डावी ४३०, पुढे उजवी ४२०. मागे डावी ३१०, मागे उजवी १९०!

उजवं मागचं चाक उघडलं. कॅलिपरची खालची सरकपिन जागच्या जागी धरलेली. रबरी टोपी फाटली होती, आत पाणी जाऊन गंज. पिन काढताना वळवून वळवून ओढावी लागली, बाहेर आली तेव्हा अर्धी तपकिरी, अर्धी चकचकीत. पॅड बघितले तर आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जवळजवळ ४ मिमी जास्त झिजलेला.

म्हणजे उजवा ब्रेक अर्धाच लागत होता. नव्या पिना, टोप्या, ग्रीस मागवलंय. सापडलं एकदाचं! सगळ्यांचे मनापासून आभार.

गुळगुळीत टायर

अभिनंदन! आता गाडी सदस्यनामाला शोभेल.

तिसरा गिअर

मान्य. १२० अंशांचा फरक असताना व्हॉल्व्ह लावायचा सल्ला मी घाईने दिला. पिन बदलल्यावर मात्र बायसचा विचार कराच.

मोजपट्टी

थांबा. तुमच्या आनंदावर पाणी टाकायला नको वाटतंय, पण दिशा जुळत नाहीये.

डावा मागचा ब्रेक जास्त धरतोय, उजवा कमी. म्हणजे गाडीची डावी बाजू मागे ओढली जाते आणि नाक डावीकडे वळतं. नाक डावीकडे, तर शेपूट उजवीकडे. तुमची शेपूट डावीकडे जाते. कागदावर गाडीचा चौकोन काढा, डाव्या मागच्या कोपऱ्याला बोटाने मागे ओढा, म्हणजे पटेल.

पिन खराब होती, ती बदलायलाच हवी. पण या दुखण्याचं कारण ती नाही. ती उलट दिशेला ओढत होती.

तिसरा गिअर

ताई, प्रत्यक्षात इतकं सरळ नसतं. डावं चाक जास्त ब्रेक घेतंय म्हणजे तेच आधी लॉक होणार. लॉक झालेलं चाक बाजूचा जोर पेलत नाही. मग मागची बाजू कुठेही जाऊ शकते.

मोजपट्टी

लॉक झालं तर, हो. पण मग टायरवर एका जागी घासल्याचा चट्टा दिसेल. सरळरेषा, डाव्या मागच्या टायरवर सपाट डाग आहे का?

सरळरेषा

नाही. हात फिरवून पाहिला. टायर सगळीकडे सारखा, फक्त आतल्या कडेला पिसासारखी झीज आहे. ती कॅम्बरमुळे (चाक उभ्यात कललेलं असल्याने) असेल असं समजत होतो.

नटबोल्ट

पिसासारखी झीज फक्त डावीकडेच, की उजवीकडेही? रबराच्या कडा एका दिशेने हाताला बोचतात का?

सरळरेषा

फक्त डावीकडे. आतून बाहेर हात नेला तर गुळगुळीत, बाहेरून आत आणला तर बोचतं.

नटबोल्ट

मग ते चाक चालताना तिरकं होतंय. उभ्या गाडीवर टो कितीही बरोबर दिसो.

जुना पाना

याच विषयावर थोडं अवांतर, पण उपयोगी पडेल.

ट्रेलिंग आर्मच्या (मागच्या चाकाला सांगाड्याशी जोडणारी, पुढे टेकलेली दांडी) गाडीत मागचं चाक पुढच्या टोकाला रबरी बुशवर लटकलेलं असतं आणि टायर त्या बुशच्या बाहेरच्या बाजूला असतो. ब्रेक लागला की रस्ता टायरला मागे ढकलतो. रबर दबतं आणि चाकाची पुढची कड बाहेर वळते, म्हणजे टो-आउट. नेमकं ब्रेक मारताना, मागे वजन कमी असताना. पोर्शेच्या अभियंत्यांनी ९२८ साठी यावरच उपाय केला. १९७७ मध्ये आलेल्या त्या गाडीतला मागचा सांगाडा वाइसाख अॅक्सल म्हणून ओळखला जातो. त्यात पुढचा जोड असा बसवलाय की ब्रेक लागल्यावर किंवा अॅक्सिलरेटर सोडल्यावर चाक टो-आउट न होता उलट टो-इन होतं. रबर दबणारच, तर ते कोणत्या दिशेला दबावं हे त्यांनी आधी ठरवलं. मला हा विचार फार आवडतो.

ब्रेकच्या बाबतीत तो काळच मंतरलेला. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. त्याच्याही आधी १९६६ च्या जेन्सन एफएफमध्ये डनलॉपचं मॅक्सारेट होतं, पूर्णपणे यांत्रिक आणि मूळचं विमानांसाठी बनवलेलं.

ओला ट्रॅक

एबीएसचा विषय निघालाच आहे तर, फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसला बंदी आहे. चालक एका लॅपमध्येही वळणागणिक बायस बदलतात. म्हणून मला व्हॉल्व्ह हवासा वाटतो. पावसात तिसरा गिअर यांचाच हिशोब लावून बघा : पकड ०.५ जी झाली तर १११ किलोच पुढे जातात, मागे ३८ टक्के उरतात. कोरड्यासाठी ठेवलेल्या बायसवर पावसात पुढची चाकं आधी लॉक होतात, स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. तेव्हा बायस मागे घ्यावा लागतो.

सरळरेषा

पिना बदलल्या, पॅड बदलले, नीट बेड-इन केले (डिस्कवर हळूहळू घासून बसवले). कालच्या दिवसाची हकीकत :

मागची तापमानं डावी २९०, उजवी २८५. सारखी.

आणि गाडी आधीपेक्षा जास्त डावीकडे जाते. दुसऱ्या लॅपलाच. एकदा तर कडेच्या गवतात दोन चाकं गेली. गाडीला, मला काही झालं नाही, पण हात थरथरत होते आणि उरलेला दिवस मी गाडी ट्रेलरवरच ठेवली. एक खराब भाग बदलल्यावर गाडी जास्त बिघडते, हे कसं?

मोजपट्टी

तुम्ही सुखरूप आहात हे आधी महत्त्वाचं. मूळ कारण सापडेपर्यंत पुन्हा ट्रॅकवर जाऊ नका, ही विनंती.

आता कोडं सुटतंय. दोन बिघाड होते आणि ते एकमेकांच्या विरुद्ध ओढत होते. अडकलेल्या पिनमुळे नाक डावीकडे ओढलं जायचं. डाव्या मागच्या चाकाचं टो-आउट शेपूट डावीकडे न्यायचं, म्हणजे नाक उजवीकडे. काही अंशी एकमेकांना झाकत होते. तुम्ही पिन दुरुस्त केलीत, झाकण उडालं. डाव्या चाकावरचा ब्रेक आधीइतकाच आहे, म्हणून टो-आउटही तितकंच, फक्त त्याला अडवणारं आता कुणी नाही. थंड असताना पॅड कमी धरतात, बुशवर जोर कमी, म्हणून पहिल्या लॅपला काही कळत नाही.

तिसरा गिअर

ताई, हे वाचून मी खुर्चीवरून उठून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चौकोन काढला, बाण काढले. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. व्हॉल्व्ह लावला असता तर जोर कमी होऊन हे अजून कित्येक महिने झाकलं गेलं असतं.

नटबोल्ट

सरळरेषा, घरच्या घरी करायची तपासणी सांगतो. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्याचा इथे उपयोग.

गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकं खाली. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरा ताणा, चाकाच्या मध्याच्या उंचीवर. मागच्या चाकाच्या रिमची पुढची कड आणि मागची कड दोऱ्यापासून किती लांब, ते लिहून ठेवा. आता हँडब्रेक पूर्ण ओढा आणि तीन-चार जणांनी गाडी मागून पुढे ढकलून तशीच ताणून धरायची, चाकं फिरू न देता. पुन्हा मोजा. खऱ्या ब्रेकच्या मानाने हा जोर किरकोळ आहे, पण फाटकं रबर तेवढ्यालाही हलतं.

त्या वेळी गाडीखाली कुणीही जायचं नाही. बुश बघायला मोबाइल जमिनीवर ठेवा आणि व्हिडिओ घ्या. त्याआधी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा.

सरळरेषा

आज चौघांनी मिळून केलं.

उजवं चाक : पुढची कड जेमतेम १ मिमी बाहेर.
डावं चाक : ६ मिमी बाहेर.

रिमच्या कडेपासून कडेपर्यंत ४०० मिमी, म्हणजे हिशोबाने जवळपास ०.९ अंश. आणि तेही माणसांच्या ढकलण्यावर!

व्हिडिओ मी दहा वेळा पाहिला. जोर दिला की बुशमधली स्टीलची नळी रबरापासून सुटते, मध्ये चंद्रकोरीसारखी काळी फट उघडते. जोर सोडला की नळी मध्यावर परत येते आणि फट मिटते. उभ्या गाडीवर बघितलं तर बुश नवा वाटावा. बोल्टच्या डोक्याभोवती विटकरी रंगाची बारीक पूड साचलेली, बोट लावलं तर मेंदीसारखा रंग लागतो. पांढरी रेघही फुटलेली, बोल्टवरचा अर्धा भाग दोनेक मिमी सरकलेला.

पण हा बुश दीड वर्षापूर्वीच बदललाय. इतक्यात कसा फाटला?

नटबोल्ट

बदलताना बोल्ट कधी आवळला होता, चाकं लटकत असताना की गाडी जमिनीवर आल्यावर?

सरळरेषा

एका गॅरेजमध्ये केलं होतं, मी शेजारीच उभा होतो. गाडी लिफ्टवर होती, चाकं लटकत होती. तिथेच पूर्ण आवळला, मग गाडी खाली.

नटबोल्ट

सापडलं. रबरी बुशची आतली नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटला घट्ट चिकटते. नंतर आर्म फिरतो तो रबर पिळून. चाक लटकत असताना आवळलंत तर तीच रबराची "मूळ जागा" ठरते. गाडी खाली आली की रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं, चोवीस तास. तुमची गाडी तर आणखी खाली आणलेली, म्हणजे पीळ जास्त. त्यावर कडक स्प्रिंग, सेमी-स्लिक आणि मागे रेसिंग पॅडचा जोर. दीड वर्ष टिकला हेच खूप.

नवा बसवताना बोल्ट आधी नुसता हाताने लावा. मग हबखाली जॅक देऊन चाक नेहमीच्या उंचीवर आणा, हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजून. तेव्हाच टॉर्क पान्याने शेवटचं आवळा. आणि उजवीकडचाही बदला. त्याच दिवशी, त्याच पद्धतीने बसवलेला आहे तो.

जुना पाना

पॉलियुरेथेनचे बुश घालावेत का? ते रबरासारखे पिळले जात नाहीत, नळीभोवती फिरतात, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

नटबोल्ट

आर्म फक्त एकाच अक्षाभोवती फिरत असेल तर जरूर. पण काही गाड्यांत ट्रेलिंग आर्मला बाकीच्या दांड्यांमुळे थोडं तिरकंही व्हावं लागतं. तिथे कडक पॉली बुश आर्मला अडवतो आणि जोर ब्रॅकेटवर जातो. अशा जागी गोलाकार सांधा तरी लावावा, नाहीतर कडक रबर. धागाकर्त्याच्या आर्मला मी कडक रबरच सुचवेन.

वाचनमात्र

हा धागा वाचता वाचता मी माझ्या गाडीचा हब घासला, डिस्क जागेवर लावून डायल गेजने मोजली. आधी ०.१४, आता ०.०३. थरथर बंद.

सरळरेषा

दोन आठवड्यांनी परत लिहितोय.

दोन्ही बाजूंना नवे कडक रबराचे बुश. हबखाली जॅक, मोजपट्टीने उंची, मग टॉर्क. बोल्टवर नवी पांढरी रेघ. ढकलून पुन्हा मोजलं, दोन्हीकडे १ मिमीच्या आत.

ट्रॅकवर पहिले चार लॅप मी मुद्दाम लवकर ब्रेक लावला. मग थोडा उशिरा, मग आणखी थोडा. दहाव्या लॅपला जुन्या खुणेवर पूर्ण जोराने दाबला. स्टिअरिंग सरळ होतं, सरळच राहिलं. त्या वळणाआधी मी किती दिवसांनी श्वास रोखला नाही, हे गाडीतून उतरल्यावर कळलं.

आता मूळ प्रश्नाकडे. शेवटच्या लॅपांत, अगदी ब्रेकच्या शेवटी, वळणात शिरताना मागे किंचित हलकं वाटतं. दोन्ही दिशांच्या वळणांवर सारखंच. आता व्हॉल्व्ह?

तिसरा गिअर

आता हो म्हणायचा हक्क मला मिळाला! दोन्ही बाजूंना सारखं, गरम झाल्यावर, वळणात शिरताना. हा बायस आहे. पण व्हॉल्व्हआधी मागचे पॅड बदलून बघा. पुढच्याच जातीचे घाला, किंवा एक पायरी मऊ. एका वेळी एकच बदल, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

मोजपट्टी

अनुमोदन. त्यानंतर व्हॉल्व्ह लावलात तर सुरुवात मागचा दाब सगळ्यात कमी ठेवून करा. मोकळ्या पट्ट्यावर, मध्यम वेगात, पुढची चाकं आधी लॉक होताहेत याची खात्री करून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने वाढवत न्या. बाहेर सुरक्षित अंतरावर उभं राहून कुणीतरी चाकं बघायला हवं, आतून कळत नाही.

सरळरेषा

पॅड बदलले, पुढच्याच जातीचे. काल वीस लॅप झाले. आत शिरतानाचं हलकेपण गेलं. कोरड्यात मला व्हॉल्व्हची गरज दिसत नाही. पावसासाठी ओला ट्रॅक यांचं म्हणणं पटलंय, तेव्हा पावसाळ्याआधी बसवेन.

प्रत्येक वेळी पिटमध्ये आलो की हवा मोजायच्या आधी वाकून दोन्ही बोल्टवरच्या पांढऱ्या रेघा बघतो. अजून अखंड आहेत.